उरलेली एक हाक

नागासाकीत सपाट जमीन घडी घातलेल्या रुमालाएवढी आहे. सरकारी कचेऱ्या, ट्रामचे रूळ आणि समुद्र हटवून मिळवलेल्या जागेवरची भांडणं, एवढंच तिच्यावर मावतं. बाकीचं शहर डोंगर चढून बसलेलं आहे. खाली घरं, घरांच्या डोक्यावर घरं, आणि त्यांच्याही डोक्यावर थडगी. बंदराचा सगळ्यात चांगला देखावा थडग्यांच्या वाट्याला आलेला असल्यामुळे इथली म्हातारी माणसं वर बघून उसासा टाकतात, तो दुःखाचाच असतो असं समजायचं कारण नाही.

अशाच एका चढणीच्या पायथ्याशी इतोसे गेनपेईचं रॉकेलचं दुकान होतं. चढणीवर गाडी जात नसे, सायकल जात नसे, आणि पाहुणेही एकदाच जात. पण थंडी मात्र वरपर्यंत जाई, आणि थंडी जिथे जाते तिथे शेगडीसाठी रॉकेलचा डबा जावाच लागतो. बापाच्या पश्चात विशीतल्या गेनपेईने दुकान हातात घेतलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला धंद्याचं मर्म कळलं. खांद्यावर डबा घेऊन टोकापर्यंत चढायचं, दार वाजवायचं, आणि आतून आवाज यायचा, "आज नको, परवा आणा."

दुसऱ्या आठवड्यापासून तो पायथ्याशी उभा राहून विचारू लागला. "तागावाकाकूऽ! डबा हवाय का?" हवा असेल त्या बाईने कठड्यावर टॉवेल टाकायचा. दोन डबे हवे असतील तर दोन टॉवेल. एखाद्या कर्तबगार गवयाची बैठक पहाटेच्या रियाजातून येते. गेनपेईचा आवाज निव्वळ आळसातून घडला. तिशीपर्यंत तो थडग्यांपर्यंत पोचू लागला होता. कोणाची शेगडी किती जळते, कोणाची सून माहेरी गेली आहे आणि म्हणून एकच डबा पुरतो, हे सगळ्या चढणीला त्याच्यामुळे घरबसल्या कळे. धुक्यात वाट चुकलेली एक मासेमारी नाव त्याच्या आवाजाच्या रोखाने बंदरात शिरली, असंही सांगत. सांगणारा योशिमात्सु होता आणि नाव त्याच्या मेहुण्याची होती, तेव्हा किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

हामासाकी योशिमात्सु हा खालच्या शिओबा पेठेतला मासेविक्या. गेनपेई आणि तो शाळेत एका बाकावर बसत आणि त्या बाकावर सुरू झालेला वाद त्यांनी सत्तरी ओलांडली तरी चालू होता. वादाचा विषय बदले. वाद तोच असे.

आता या शहराच्या स्वभावाबद्दल थोडं बोलणं भाग आहे, नाहीतर पुढे जे झालं ते वेडेपणाचं वाटेल. ते वेडेपणाचंच होतं, पण इथल्या रीतीला धरून होतं.

सगळा देश दारं लावून बसला होता, तेव्हा दोनशे वर्षं नागासाकीचं एक दार किलकिलं ठेवलेलं होतं. डच येत, चिनी येत, साखर उतरवत, तांबं चढवत आणि जात. ते गेले की शहर डोंगरावर चढून पुढच्या वर्षीच्या शिडांची वाट बघत बसे. त्या साखरेने इथली जीभ कायमची बिघडली. आजही एखाद्या घरी रस्सा कमी गोड झाला, तर पाहुणा शांतपणे म्हणतो, "नागासाकी जरा लांब पडलं." आणि त्या वाट बघण्याने स्वभाव बिघडला. इथला माणूस "येतो" म्हणून उठतो आणि दारात जोडे घालत रेंगाळतो. त्याला परत बोलवायचं असतं. न बोलावता खरोखर जाऊ देणं, याहून मोठा अपमान नागासाकीत नाही.

सुवाच्या देवळाचा ऑक्टोबरातला उत्सव याच स्वभावावर चालतो. दर वर्षी काही पेठांची पाळी असते आणि एकदा येऊन गेलेली पाळी पुन्हा सात वर्षांनी येते. कोणी अजगर नाचवतं, कोणाचा देवमासा पाणी उडवतो, कोणाची जहाजं असतात. शिओबा पेठेचं चिनी जहाज होतं, चाकांवरचं, चार हत्तींच्या वजनाचं. सोळा गडी ते देवळाच्या फरसबंद अंगणात ओढत आणत आणि जागच्या जागी भिंगरीसारखं फिरवत. लाकडी चाकं दगडावर घासून जळल्याचा वास येई. मग जहाज निघून जाई. म्हणजे अंगणाच्या कडेपर्यंत जाई, आणि गडी पाठ फिरवून, मान खाली घालून, अगदी घरी निघाल्यासारखे उभे राहत. समोरच्या लांबलचक दगडी जिन्यावर पांढऱ्या कपड्यातली जाणकार मंडळी बसलेली असत. त्यांच्यातून हाक उठे, "मोत्तेकोऽओइ!" म्हणजे, आणा रे, परत आणा! की सोळाही गडी बाणासारखे वळत आणि जहाज गडगडत परत येई. असं तीनदा.

ही पहिली हाक गेली तीसेक वर्षं गेनपेईची होती.

त्या हाकेबाबत गेनपेई कडक होता. जहाज पुरतं फिरलं तरच हाक. मैत्री, शेजार, उधारी यांचा काही संबंध नाही. सात वर्षांपूर्वी शिओबा पेठेचं जहाज, ज्याच्या पुढे स्वतः योशिमात्सु पंखा उगारून उभा होता, तिसऱ्या फेरीत जरासं कमी फिरलं. जहाज कडेला गेलं. गडी मान खाली घालून उभे राहिले. जिना गेनपेईकडे बघत राहिला. गेनपेई समोर बघत राहिला. अखेर ओसाकाहून आलेल्या पर्यटकांना त्यांची दया आली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! योशिमात्सुने त्या टाळ्या सात वर्षं मनात जपल्या. गेनपेईशी तो भांडला नाही, उलट दुकानात त्याचं हसून स्वागत करी. फक्त त्या दिवसापासून गेनपेईने कुठलाही मासा मागितला तरी त्याला शेपटीकडचा तुकडा मिळू लागला. सात वर्षं इतोसेंच्या घरी एकाही माशाला पोट नव्हतं.

अशात त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडी, शिओबा पेठेची पाळी पुन्हा आलेली असताना, गेनपेईचा घसा बसला आणि उठेना. बायको हारुयो त्याला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, तोक्योकडचा होता, आणि गेनपेईच्या घशात बघून चकित झाला.

"आजोबा, तुम्ही करता काय?"

"रॉकेल विकतो," गेनपेई म्हणाला.

बाहेरच्या बाकावरच्या एका बाईने "आम्हाला नकोय हो" असं कळवलं.

डॉक्टर म्हणाला, "स्वरतंतूवर गाठ आहे. साधी आहे, काढून टाकू. पण नंतर सप्टेंबर संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. त्यानंतर हळू बोला. ओरडायचं मात्र कधीच नाही."

"ऑक्टोबरात एकदा तरी?" हारुयोने विचारलं. "पेठेची पाळी आहे हो, डॉक्टरसाहेब."

"एकदा ओरडाल, आणि मग आवाज राहिला नाही तर माझ्याकडे येऊ नका."

गेनपेईने या वाक्यातलं "एकदा" तेवढं उचललं आणि बाकीचं वाक्य डॉक्टरच्या टेबलावर ठेवून तो घरी आला.

गाठ निघाली. चढण शांत झाली. बायकांनी पहिले काही दिवस सवयीने कठड्यावर टॉवेल टाकले आणि मग नाइलाजाने एकमेकींशी बोलायला सुरुवात केली. खरा फरक घरात पडला. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात हारुयोला एकही वाक्य शेवटपर्यंत नेता आलं नव्हतं. पहिले चार दिवस तिचा विश्वासच बसेना. पाचव्या दिवशी तिने उन्झेनच्या मधुचंद्रापासून सुरुवात केली.

"तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात तुम्ही जे गाणं म्हटलंत ना, त्याने शेजारच्या खोलीतलं जोडपं हॉटेल सोडून गेलं. मी तेव्हाच सांगणार होते."

गेनपेईकडे शाळेच्या मैदानावरची एक शिट्टी होती. ती एकदा वाजवली तर हो, दोनदा वाजवली तर नाही, असं ठरलं होतं. त्याने दोनदा वाजवली.

"हो ना? मलाही तसंच वाटलं," हारुयो म्हणाली आणि पुढे गेली. जुलैअखेर ती सासूबाईंच्या लोणच्यापर्यंत आली होती.

शिवाय याच काळात तिने रश्श्यातली साखर रोज थोडी थोडी कमी करायला घेतली. गेनपेईच्या रक्तातली साखर गेली दहा वर्षं डॉक्टर मोजत होते आणि गेनपेई गेली दहा वर्षं "नागासाकी लांब पडलं" असं म्हणून ती वाढवून घेत होता. आता त्याला म्हणता येईना. तो वाटी पुढे सरकवी आणि खिडकीतून दूरच्या डोंगराकडे बोट दाखवी.

"हो, हवा छान पडलीये," हारुयो म्हणे.

ऑगस्टच्या नऊ तारखेला, दर वर्षीसारखा, अकरा वाजून गेल्यावर भोंगा झाला. गेनपेईची चढण डोंगराच्या अलीकडची, म्हणून अणुबॉम्बच्या वेळी वाचलेली. त्या एका मिनिटात शहरात कोणी बोलत नाही, आणि एरवी गेनपेईही नेमका त्याच मिनिटाला गप्प असे. भोंगा संपला. दुकानातले लोक हळूहळू पुन्हा भावताव करू लागले. गेनपेई तसाच उभा राहिला. तागावाकाकूंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "किती मनाला लावून घेता हो," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी केक घेऊन आल्या. घशाचं ऑपरेशन त्या विसरल्या होत्या. गेनपेईने केक घेतला. त्यात साखर होती.

योशिमात्सु त्या वेळी दवाखान्यात होता. त्याच्या पोटात काहीतरी होतं, ज्याचं नाव घरचे त्याच्यासमोर घेत नसत आणि तो घरच्यांसमोर घेत नसे. त्याची खिडकी पेठेच्या बाजूला होती. जूनपासून संध्याकाळी जहाजाचा सराव चाले, आणि चाकांचा गडगडाट आणि बासऱ्या वर ऐकू येत. गेनपेई रोज दुपारी तिथे जाऊन बसे. उभ्या आयुष्यात योशिमात्सुला इतके चांगले दिवस आले नव्हते.

"ये. बस. मी म्हणत होतो की आपल्या शाळेचे गणिताचे मास्तर डावखुरे होते. बोल, नव्हते?" तो थांबे. "नाही बोलत? बरं. मग होते."

असे तो रोज तीन-चार वाद जिंकत असे. सप्टेंबरात मात्र एके दिवशी त्याने मूळ विषयाला हात घातला.

"सात वर्षांपूर्वी आमचं जहाज परत का नाही बोलावलंस? खरं सांग. तोंडात तांदळाची चिकट मोची होती ना तुझ्या? मला खालून तुझा गाल दिसत होता."

गेनपेईने दोनदा शिट्टी फुंकली. नर्स धावत आली आणि शिट्टी जप्त करून गेली.

मग गेनपेईने पलंगाजवळच्या टेबलावरची चहाची वाटी घेतली. तिच्या कडेला एक टवका उडालेला होता. तो टवका त्याने योशिमात्सुसमोर आणला आणि वाटी टेबलावर गोल फिरवली. एक फेरी, टवका पुन्हा समोर. दुसरी फेरी, टवका समोर. तिसऱ्या फेरीला त्याने हात थांबवला. टवका समोर येता येता बोटभर अलीकडे राहिला होता.

योशिमात्सु वाटीकडे बघत राहिला.

"एवढंसं?"

गेनपेईने मान हलवली.

"एवढ्याशासाठी मी ओसाकावाल्यांच्या टाळ्या खाल्ल्या?"

गेनपेईने पुन्हा मान हलवली.

खालून बासरीचा एक चुकलेला सूर आला, थांबला, पहिल्यापासून सुरू झाला. योशिमात्सु म्हणाला, "डावं चाक अडकलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी कोणाला बोललो नाही." मग थोड्या वेळाने, "तरी तू हाक मारायची होतीस, गाढवा."

गेनपेईने खिडकीबाहेर बघितलं.

"या वर्षी मारशील?"

गेनपेईने एक बोट वर केलं.

"एकच उरलीये? बघ, पुरवून वापर. पहिली तू मार, पुढच्या दोन जिन्यावरची मेंढरं मारतील. मी इथे खिडकी उघडी ठेवून पडतो." तो कुशीवर वळला. "पण जहाज नीट फिरलं नाही तर नको मारूस. तुझी अक्कल सांभाळ." गेनपेई उठून दारापर्यंत गेला, तेव्हा मागून आवाज आला, "अरे, नाही. नीट नाही फिरलं तरी मार."

सप्टेंबर संपायच्या आत योशिमात्सु गेला. संध्याकाळची वेळ होती, सराव चालू होता, आणि खिडकी उघडी होती असं नर्स म्हणाली.

शिओबा पेठेला दुःख झालं आणि त्यापाठोपाठ काळजी वाटू लागली. जहाज आता योशिमात्सुच्या नावाने फिरवायचं होतं, म्हणजे ते परत बोलावलं जायलाच हवं होतं, आणि बोलावणाऱ्याकडे एकच हाक शिल्लक होती. पेठेतली प्रौढ माणसं मध, आलं आणि साखर घालून उकळलेलं नासपतीचं पाणी घेऊन गेनपेईच्या घरी आली.

"गेनपेईकाका, तेवढी जपा," त्यांनी विनवलं. "शिंकतानाही बेताने शिंका." योशिमात्सुवर त्यांचं प्रेम होतं आणि गेनपेईच्या घशावर त्याहून थोडं जास्त.

अंत्यविधीच्या दिवशी हारुयोने भर उन्हात गेनपेईच्या गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळला. "रडायचं असेल तर मनात रडा," तिने बजावलं.

या शहरात मेलेल्या माणसाला आधी खाली उतरावं लागतं, मगच वर जाता येतं. शववाहिका चढणीवर येत नाही. जहाज ओढणारे सोळा गडी काळे कोट घालून आले आणि त्यांनी योशिमात्सुची पेटी चढणीवरच्या बौद्ध देवळातून पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणली. जहाज वळवावं तशी ते ती प्रत्येक कोपऱ्यावर सावकाश वळवत होते. खालच्या रस्त्यावर काळी लांब गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर उराता पांढरे हातमोजे घालून, पोटावर हात धरून उभा होता. हा देवमाशाच्या पेठेतला. उमेदीत त्याने दोन पाळ्या देवमासा ओढला होता.

देवळाचे नवे भिक्षू क्योतोकडचे. त्यांनी सूत्रं म्हटली, घंटा वाजवली. योशिमात्सुची बायको कियोनो त्याच्या नावाची पाटी छातीशी धरून उराताशेजारी पुढच्या सीटवर बसली. तिने लोकांना मान लववली. लोकांनी हात जोडले. उराताने भोंगा दाबला, अंत्ययात्रा निघताना देतात तो लांब, एकसुरी भोंगा. गाडी निघाली.

ती ट्रामच्या रुळांपाशी वळणावर पोचली. उराताने वळण घेतलं. सोळा गडी रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभे होते. कोणी बोलत नव्हतं. ही शांतता गेनपेईच्या ओळखीची होती. तीस वर्षं त्याने ती जिन्यावर बसून ऐकली होती. तीत किती थांबायचं आणि नेमकं कुठे मोडायची, हे त्याच्या डोक्याला नव्हे, छातीला ठाऊक होतं. त्याचा हात मफलरकडे गेला.

"मोत्तेकोऽऽओइ!"

हाक रस्त्यावरून गेली, रूळ ओलांडून गेली, चढण चढली आणि थडग्यांना लागून परत आली. वर कुठेतरी एका म्हातारीने घाईघाईने कठड्यावर टॉवेल टाकला.

उराताचं पुढे म्हणणं असं, की आपण काही केलंच नाही, पायाने केलं. गाडीचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. मग तिने मागे जायचा गिअर घेतला आणि आतल्या यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणू लागली, "गाडी मागे येत आहे. कृपया सावध राहा." सोळाही गडी बाणासारखे वळले, काळे कोट फडकवत धावले आणि गाडीला पुढून खांदे लावून तिला मागे ढकलू लागले. लाखेसारख्या चकचकीत बोनेटवर बत्तीस हातांचे ठसे उमटले. योशिमात्सु गडगडत परत आला.

भिक्षूंनी घंटा खाली ठेवली. "काय झालं? काही राहिलं का?"

"नाही महाराज," शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "परत बोलावलंय."

"कोणाला?"

"योशिमात्सुला."

महाराज क्योतोचे. ते गाडीपाशी गेले आणि त्यांनी काचेतून आत नीट बघून घेतलं.

तोवर गाडी पुन्हा निघाली होती, कारण परत आणलेलं पुन्हा जायला हवं, ही रीतच आहे. ती वळणापर्यंत गेली आणि या वेळी सगळा रस्ता ओरडला. "आणा रे! परत आणा!" गाडी परत आली. एव्हाना ट्राम येऊन थांबली होती. आतले उतारू उठून उभे राहिले होते, आणि ट्रामचा ड्रायव्हर काय चाललंय ते समजून पायाने ठणठण घंटा वाजवत होता. स्मशानातल्या भट्टीची वेळ ठरलेली होती, ती केव्हाच टळली. तिसऱ्यांदा गाडी परत आली, तेव्हा पुढच्या सीटची काच खाली झाली आणि कियोनोने डोकं बाहेर काढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला राग आलेला होता.

"पुरे करा आता!" ती म्हणाली. "हट्टी होता तो, खरंच परत यायचा! आणि मी त्याचं अंथरूण कालच देऊन टाकलंय."

मग लोकांनी गाडीला जाऊ दिलं.

हारुयोने गेनपेईकडे वळून बघितलं. त्याचा मफलर सुटून लोंबत होता.

"गेली?" तिने विचारलं.

गेनपेईने तोंड उघडलं. आतून वारा आला, बाकी काही आलं नाही. त्याने खिशात हात घातला, पण शिट्टी दवाखान्यातच राहिली होती. त्याने मान हलवली.

हारुयो काही वेळ काहीच बोलली नाही. चार महिन्यांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मग तिने मफलर त्याच्या गळ्याभोवती पुन्हा नीट गुंडाळला, जरी आता त्यात जपण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्या रात्रीच्या रश्श्यात तिने साखर घातली. नागासाकी पूर्ण घरात आलं होतं.

पेठेची माणसं गेनपेईवर रागावली नाहीत. त्यांना रागवायचं होतं, त्यासाठी ती एकदा येऊनही गेली, पण चहा पिऊन बोलणं पुन्हा त्या बत्तीस हातांवर घसरलं आणि उठताना ती दारात जोडे घालत बराच वेळ रेंगाळली. गेनपेईला बोलावता येईना. हारुयोने बोलावलं.

ऑक्टोबर आला. गेनपेई पांढरे कपडे घालून जिन्यावर आपल्या जागी बसला. शिओबा पेठेचं जहाज आलं आणि फिरलं. डावं चाक नवं होतं. तीन फेऱ्या पुरत्या झाल्या, चौथी वरकड झाली, लाकूड जळल्याचा वास जिन्यापर्यंत आला. जहाज कडेला गेलं. गडी मान खाली घालून उभे राहिले. जिना सवयीने गेनपेईकडे बघू लागला. गेनपेई उठून उभा राहिला, त्याने छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. त्यातून काही येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही सगळे ते उघडायची वाट बघत थांबले होते. ते उघडलं मात्र, आणि जिना एकदम ओरडला. कोणी आधी, कोणी नंतर, कोणी भलत्याच सुरात. एकाही हाकेचा दुसरीशी मेळ नव्हता. पहाटेच्या मासळीबाजारात लिलाव पुकारतात तसा कलकलाट झाला. योशिमात्सुला त्यात अगदी घरच्यासारखं वाटलं असतं.

जहाज परत आलं. तीनदा आलं.

उत्सव संपल्यावर, दुकानं पुन्हा रोजच्यासारखी उघडली त्या दिवशी, गेनपेई मासे आणायला गेला. दुकानात आता कियोनो बसे. तिने बर्फावरचा बुरी जातीचा मोठा मासा पुढे ओढला. गेनपेईने सवयीने शेपटीकडे बोट दाखवलं.

"थांबा, भावजी. एक विचारायचंय." तिने सुरी बाजूला ठेवली. "त्या दिवशी मी आत बसले होते, मला काही दिसलं नाही. तुमचा नियम कडक, हे माहितीये मला. सात वर्षं ऐकलंय घरात. तर त्या उराताने वळण कसं घेतलं हो गाडीचं?"

 कियोनोसमोर चहाची वाटी होती. तिच्यावर निळा मासा काढलेला होता. त्याने वाटी उचलली, मासा कियोनोसमोर आणला आणि वाटी फळीवर हळूहळू फिरवली. मासा पलीकडे गेला, वळून इकडे येऊ लागला, आणि चांगला दोन बोटं अलीकडेच गेनपेईचा हात थांबला.

कियोनो वाटीकडे बघत राहिली. मग तिने एप्रनने नाक पुसलं, सुरी उचलली, आणि माशाच्या पोटाचा जाड, चरबीदार तुकडा कापून कागदात बांधला.